उतरत्या पाळण्यात त्र्यंबकभाऊ

नेपरव्हिलच्या मराठी मंडळींत कुणाला स्कीइंगला जायचं असलं, की तो आधी हवामान बघत नसे, त्र्यंबक देवपुजारींना फोन करत असे. कुठल्या रिझॉर्टला शनिवारी लिफ्टपाशी रांग लागते, कुठल्या हॉटेलातून स्की पायात घालूनच बाहेर पडता येतं, मिशिगनच्या वरच्या टोकाला बर्फ चांगला असला तरी लहान मुलं घेऊन सात तासांचा ड्राइव्ह का करू नये, आत सुती बनियन का घालू नये, हे सगळं त्र्यंबकभाऊ फोनवर, हातातला चहा गार होऊ देत, समजावून सांगत. आणि सांगितलेलं सगळं बरोबर निघे. लोक परत येऊन म्हणत, "भाऊ, तुम्ही म्हणालात अगदी तसंच होतं."

फक्त एक गोष्ट त्यांना कुणी विचारली नव्हती आणि त्यांनीही आपण होऊन सांगितली नव्हती. त्र्यंबकभाऊंनी आजवर पायात स्की घातली नव्हती.

ते मूळचे नागपूरचे, वय अठ्ठेचाळीस, एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट शोधायची, तिला नंबर द्यायचा आणि ती दूर होईपर्यंत पुढे जाऊ द्यायचं नाही, ही त्यांची नोकरी. बावीस वर्षं हेच केल्यामुळे ऑफिस आणि घर यांतली सीमारेषा पुसट झाली होती. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी बायको देवयानीला आणि पाच वर्षांच्या रुहीला स्कीइंगला न्यायचं ठरवलं. विस्कॉन्सिन, मिशिगन, आयोवा धरून चौदा रिझॉर्ट तपासले. प्रत्येकात काही ना काही सापडलं. चौदावं तपासून झालं तेव्हा एप्रिल उजाडला होता आणि डोंगरांवर गवत आलं होतं.

पण एक्सेलची शीट उरली. पुढच्या डिसेंबरात कुणीतरी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, की जवळपास बरं स्की रिझॉर्ट कुठलं, आणि त्र्यंबकभाऊंनी शीट टाकली. अडतीस अंगठे आले. इतकी माहिती आहे म्हणजे माणूस जाऊन आलेलाच असणार, असं लोकांनी गृहीत धरलं. लोकांचा समज खोडून काढणं म्हणजे चारचौघांत त्यांना खजील करणं, अशी भाऊंनी स्वतःची समजूत घातली. पुढे मग एकदा मुलीला ताप, एकदा ऑफिसात रिलीज, एकदा बर्फ कमी, एकदा बर्फ फार, अशी वर्षं गेली. जायचं राहिलं, नाव मात्र वाढत गेलं. व्हिडिओ बघून त्यांनी भाषाही कमावली. शेजारच्या केदारला तर त्यांनी बेसमेंटमध्ये मोज्यांवर उभं करून वळताना गुडघे कसे वाकवायचे तेही शिकवलं होतं. देवयानी तेव्हा ड्रायरमधून कपडे काढत होती. ती घड्या घालत राहिली.

यंदा गोष्ट अंगाशी आली ती यशोधनमुळे. यशोधन आणि दीपा उन्हाळ्यात सांता क्लाराहून बदली होऊन आले होते. नोव्हेंबरात देवपुजारींकडे जेवायला केदार, त्याची बायको अहिल्या आणि हे नवं जोडपं होतं. वरणभातावर तूप घेता घेता यशोधन म्हणाला, "आम्ही टाहोला स्कीइंगला जायचो ना यार. त्यानंतर इथल्या टेकड्यांना माउंटन म्हणायचं म्हणजे जरा जड जातं."

भाऊंनी घास खाली ठेवला. "वेस्टचा बर्फ कापसासारखा असतो. त्यावर कुणीही तरंगेल. मिडवेस्टचा बर्फ कडक. इथे स्कीची एज, म्हणजे कड, बर्फात धरावी लागते. इथे जो शिकला तो जगात कुठेही स्की करतो." हे वाक्य त्यांनी एका फोरमवर वाचलं होतं आणि सहा वर्षं जपून ठेवलं होतं.

केदारने कौतुकाने मान डोलावली. अहिल्या म्हणाली, "भाऊ, मग या वेळी तुम्हीच न्या ना आम्हाला. तीन फॅमिली जाऊ."

"या वर्षी ऑफिसात जरा..."

"नेतील की," देवयानी स्वयंपाकघरातून येत म्हणाली. तिने ताकाचा जग टेबलावर ठेवला. "फेब्रुवारीतला लाँग वीकेंड मोकळाच आहे त्यांचा. मी कॅलेंडर बघितलंय."

झालं. त्यानंतरचे पाच आठवडे त्र्यंबकभाऊ निवडत होते. त्यांची एक पद्धत होती. ते फक्त एक तारा दिलेले अभिप्राय वाचत. पाच तारे देणारा माणूस खूश असतो, आणि खूश माणसाला काही दिसत नाही, असं त्यांचं मत होतं. लिफ्टला लागून असलेल्या हॉटेलात स्वयंपाकघर नव्हतं, आणि दीपा अंडंसुद्धा खात नव्हती. तळ्याकाठच्या काँडोत वरच्या मजल्यावरची माणसं चालतात, अशी तक्रार होती.

"वरच्या मजल्यावरची माणसं चालणारच," देवयानी म्हणाली.

"जोरात चालतात, असं लिहिलंय."

तिसरं ठिकाण सगळ्या बाबतींत चोख होतं, पण काही वर्षांपूर्वी एकाला तिथलं सूप गार मिळालं होतं. भाऊंनी त्यालाही नंबर दिला. मग एकोणीस स्लाइडांचं प्रेझेंटेशन करून त्यांनी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना दाखवलं. शेवटच्या स्लाइडवर निष्कर्ष होता, की अजून माहिती हवी. केदार म्हणाला, "वा, काय डेप्थ आहे." दीपाने विचारलं, की आपण नक्की कुठे जातोय. भाऊ पहिल्या स्लाइडवर परत गेले.

देवयानी फार्मसीत काम करते. समोरचा कितीही बोलला तरी बाटलीवर चिठ्ठी चिकटवून ती त्याच्या हातात देणं, ही तिची सवय. कॉल संपल्यावर ती म्हणाली, "रविवारपर्यंत बुक झालं नाही, तर मी करते."

रविवारी संध्याकाळी, ती फोन हातात घेऊन बसली तेव्हा, भाऊंनी उत्तर विस्कॉन्सिनमधल्या ग्रे फॉक्स माउंटन नावाच्या रिझॉर्टपासून दहा मिनिटांवरचं एक घर बुक केलं. त्या घराविषयी एकही तक्रार नव्हती. तक्रार नव्हती कारण अभिप्रायच नव्हता, आणि अभिप्राय नव्हता कारण तिथे अजून कुणी राहिलंच नव्हतं. पाच फोटो होते, त्यांतले चार फायरप्लेसचे.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी दोन गाड्या निघाल्या. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून आदल्या रविवारी आणलेला चिवडा, बाकरवड्या, भाकरीचं पीठ आणि केदारच्या खास चहाची पुडी असं सामान इतकं होतं, की रुहीला बूट मांडीवर घेऊन बसावं लागलं. पाच तासांनी घर आलं. अहिल्याने दार उघडून दिवा लावला आणि होती तिथेच थांबली.

हॉलमध्ये हरणांची तीन मुंडकी होती. जिन्यात एक होतं. वरच्या मोठ्या बेडरूममध्ये अख्खं अस्वल होतं, मागच्या पायांवर उभं. मालक शिकारी होता.

"भाऊ," दीपा हळूच म्हणाली, "हे लिस्टिंगमध्ये नव्हतं?"

"फोटो फायरप्लेसचे होते."

"टाहोला आमचं जे..." यशोधनने सुरुवात केली.

"तू सामान आण," दीपा म्हणाली.

अहिल्याने मग सगळ्यांच्या शाली गोळा केल्या आणि एकेका मुंडक्यावर घातल्या. त्यामुळे हॉलमध्ये कुणाचा तरी सत्कार समारंभ झाल्यासारखं दिसायला लागलं. अस्वलाला पुरेल एवढी शाल कुणाकडे नव्हती. ती खोली, घर निवडणाऱ्याला पहिला मान म्हणून, भाऊंना मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर दिसल्यावर केदार, जो साताऱ्याचा होता, म्हणाला, "आमचं साताऱ्याचं घर याच्यापेक्षा उंचावर आहे." पण माणसं मात्र त्या डोंगरावरून सूं सूं करत येत होती, आणि जवळ आल्यावर डोंगर तितकासा लहान वाटेना.

भाड्याच्या काउंटरवर प्रत्येकाला एक फॉर्म मिळाला. उंची, वजन, वय, आणि खाली एक प्रश्न: तुम्ही कशा प्रकारचे स्कीअर आहात, एक, दोन की तीन. एक म्हणजे नवखा, सावकाश जाणारा. तीन म्हणजे वेगाने, अवघड उतारावर जाणारा. त्या आकड्यावरून बूट स्कीला किती घट्ट धरायचा ते ठरवतात. एकवाल्याचा बूट पडताक्षणी सुटतो, तीनवाल्याचा सहजी सुटत नाही. ही माहिती भाऊंच्या शीटमध्ये ओळ क्रमांक एकसष्टला होती. केदार त्यांच्या खांद्यावरून बघत होता. भाऊंनी तीनवर खूण केली. हात चालूच होता म्हणून वजनही चौऱ्याऐंशीचं बहात्तर केलं.

"तुम्ही आमच्या क्लासला थांबू नका हं," अहिल्या म्हणाली. "आमच्यासाठी तुमचा दिवस नको वाया जायला."

"मी वॉर्मअप करतो," भाऊ म्हणाले.

ते बूट म्हणजे दोन्ही पाय उखळात घालून चालण्याचा प्रकार होता. भाऊ खाड खाड करत कॅफेटेरियात गेले, हॉट चॉकलेट घेतलं आणि खिडकीशी बसले. तिथे ते एक तास पन्नास मिनिटं बसले. खाली, जिथे नवख्यांना सरकत्या पट्ट्यावरून थोडं वर नेतात, तिथे त्यांची सगळी मंडळी दिसत होती. दीपा पडली, उठली, पुन्हा पडली आणि बर्फात बसूनच हसत राहिली. यशोधन तर उलटा, पाठमोरा, अगदी सावकाश, दोन्ही हात वर करून शरण आल्यासारखा जाळीपर्यंत घसरत गेला. टाहोला त्याने नेमकं काय केलं होतं, याचा भाऊंना अंदाज आला, पण त्याचा व्हावा तसा आनंद झाला नाही. कारण तेवढ्यात देवयानी सरळ, दहा-बारा फूट, एकटी घसरत आली, थांबली, आणि तिने मागे वळून कुणाला तरी शोधावं तसं बघितलं. रुही होती तिथे. तिने टाळ्या वाजवल्या. भाऊंनी कप खाली ठेवला. आपण हे खिडकीतून बघतोय, हे त्यांना बरं वाटलं नाही.

पाणी प्यायला केदार आत आला. त्याच्या भुवयांवर बर्फ होता. "भाऊ, वरून खाली किती रन झाल्या?"

"झाल्या."

"आता आम्हाला लिफ्टने वर नेणार आहेत. तुम्ही या की. वरून येऊन दाखवा एकदा."

आपल्याला लिफ्टवर चढताना या लोकांनी बघू नये, एवढाच विचार त्या क्षणी भाऊंच्या मनात आला. म्हणून ते त्यांच्या आधी चढायला गेले. शहाणा माणूस घाबरला की नेमका पुढे पळतो. लिफ्ट म्हणजे जत्रेतल्या पाळण्यासारखी दोघांची बैठक, तारेला लटकलेली, न थांबता येणारी. ती मागून गुडघ्यांत बसली आणि भाऊ आपोआप बसले. शेजारी लाल जॅकेट घातलेली, सत्तरी ओलांडलेली एक बाई होती. जॅकेटचं कोपर चिकटपट्टीने जोडलेलं होतं. तिचं नाव मार्लीन.

"फर्स्ट टाइम?" तिने विचारलं.

नऊ वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "यस," भाऊ म्हणाले. त्यांना एकदम हलकं वाटलं. पण पाळणा तोवर झाडांच्या शेंड्यांवरून चालला होता.

मार्लीनने त्यांच्याकडे, मग खाली लोंबणाऱ्या स्कींकडे पाहिलं आणि उतरताना काय करायचं ते सांगितलं. पुढची टोकं वर ठेवायची, उभं राहायचं आणि जाऊ द्यायचं. भाऊंनी टोकं वर ठेवली, उभे राहिले, आणि मार्लीनच्याच दंडाला धरून तिच्यासकट आडवे झाले. लिफ्ट थांबवावी लागली. खालून, तारेला लटकलेल्या माणसांनी माना वर करून बघितलं. लिफ्टवाल्याने येऊन भाऊंना उचललं. बूट स्कीतून सुटले नव्हते. तीन नंबर.

वरून गोठलेलं तळं आणि पांढरी बर्चची झाडं दिसत होती. सगळ्यात सोप्या वाटेची हिरवी पाटी समोरच होती. खालून ती वाट पोळीसारखी सपाट दिसली होती. वरून तिचा शेवटच दिसत नव्हता.

"आय विल गो स्लो," मार्लीन म्हणाली. "यू फॉलो मी."

भाऊंनी मान हलवली. पाय हलत नव्हते. ती जराही हसली नाही. "देन राइड डाउन. दे हॅव गुड चिली ऑन संडेज," असं खाली मिळणाऱ्या राजम्याच्या रश्श्याविषयी सांगून ती निघून गेली, आणि दोन वळणांत दिसेनाशी झाली.

खाली जाणारा पाळणा सगळा त्यांचाच होता. स्की पायांतून काढून, लहान बाळासारख्या उराशी धरून ते बसले. डोंगरावर सगळे लिफ्टने वर जातात आणि आपापल्या पायांनी खाली येतात. लिफ्टने खाली येणारा माणूस वर जाणाऱ्या प्रत्येकाला तोंडासमोर दिसतो, एकेक करून, आणि लपायला जागा नसते. शीटमध्ये हे कुठेही नव्हतं.

पहिल्या पाळण्यात केदार आणि अहिल्या होते. "भाऊ," केदार लांबूनच म्हणाला, "हे काय, काही इश्यू आहे का वर?"

"नाही."

"मग?" पण तोवर पाळणे एकमेकांना ओलांडून गेले होते.

पुढच्यात यशोधन आणि दीपा. यशोधनने दांडा दोन्ही हातांनी गच्च धरला होता आणि त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. त्याने भाऊंकडे पाहिलं आणि फक्त विचारलं, "असं खाली जाता येतं?"

"येतं," भाऊ म्हणाले. त्या दिवसातला त्यांचा हा एकमेव सल्ला.

मग काही रिकामे पाळणे गेले. शेवटच्यात देवयानी आणि रुही. रुही वाकून म्हणाली, "बाबा, व्हाय आर यू गोइंग द राँग वे?"

देवयानी त्यांच्या बुटांकडे बघत होती. अगदी समोर आल्यावर ती म्हणाली, "बुटाचे वरचे दोन क्लिप सैल करा. पोटऱ्या दुखत असतील." आणि वर गेली.

पोटऱ्या खरंच दुखत होत्या.

संध्याकाळी शाल पांघरलेल्या हरणांखाली सगळे पिठलंभाकरी खात बसले. जो तो आपण किती वेळा पडलो ते सांगत होता. यशोधन वरून खाली आला होता, बसून. दोन्ही स्की हातात आणि बूड बर्फावर. दीपाकडे त्याचा व्हिडिओ होता. टाहोला आपण बहुतेक वेळ लॉजमध्येच असायचो, हे त्याने चौथ्या भाकरीनंतर मान्य केलं.

भाऊंनी ताट बाजूला सारलं. "मला एक सांगायचंय. मी आज पहिल्यांदाच स्की घातली. याआधी कधीच नाही."

दीपाने व्हिडिओ थांबवला. मग केदार हसला. "भाऊ, यशोधनला वाईट वाटू नये म्हणून ना? किती मोठं मन यार."

"अरे, खरंच सांगतोय."

"बरं बरं," केदार म्हणाला आणि अहिल्याकडे बघून त्याने डोळे मिचकावले. भाऊंनी देवयानीकडे पाहिलं. ती भाकरी मोडत होती.

"तुला माहीत होतं," ते नंतर भांडी विसळताना तिला म्हणाले.

"ही नऊही वर्षं तुम्ही माझ्याच घरात होतात," ती म्हणाली. "गेला असतात तर मला कळलं असतं."

सोमवारी सकाळी भाऊ सगळ्यांच्या आधी काउंटरवर गेले आणि नवा फॉर्म मागितला. तीनच्या जागी एक, बहात्तरच्या जागी चौऱ्याऐंशी. काउंटरवरच्या मुलीने मान वरही केली नाही. स्क्रू फिरवले आणि स्की पुढे सरकवल्या. नऊ वर्षांची भानगड दीड मिनिटात आटपली, याचं भाऊंना जरा वाईटच वाटलं.

क्लास घेणारा कर्ट एरवी गावातली शाळेची बस चालवायचा. भाऊंनी त्याला कडक बर्फ आणि एज याविषयी दोन वाक्यं ऐकवली. तो म्हणाला, की ते ठीक आहे, पण आधी थांबायला शिकू. दुपारी दोन वाजता भाऊ देवयानीच्या मागे हिरव्या वाटेने निघाले. लोक ती वाट चार मिनिटांत उतरतात. भाऊंना पस्तीस लागली. अकरा वेळा पडले, आणि दर वेळी बूट विनातक्रार सुटले. शेवटचा दोनशे फुटांचा तुकडा मात्र ते न पडता आले. वारा कानांत वाजत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडातून कसलातरी आवाज निघत होता. खाली देवयानी थांबली होती.

"काय ओरडत होतात?" तिने विचारलं.

"ओरडत होतो?"

"हो. आता परत वर जायचं का?"

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते पाच वेळा गेले, बहुतेकदा ते आणि देवयानी दोघंच, घरापासून तासाभरावरच्या, नाव घेण्यासारखं काही नसलेल्या एका टेकडीवर. लोकांचे फोन येतच होते. पण आता कुणी विचारलं, की मुलांना घेऊन कुठलं रिझॉर्ट बरं, तर भाऊ म्हणत, "जवळचं कुठलंही. क्लास घ्या. पडायची तयारी ठेवा. घराचे सगळे फोटो बघा." आणि थांबत. पलीकडचा माणूस पुढचं ऐकायला वाट बघत राही. मग जरा नाराज होऊन फोन ठेवी. त्र्यंबकभाऊ हल्ली बदलले, मनापासून सांगत नाहीत, असं मंडळात बोललं जाऊ लागलं. केदारने त्यांची बाजू घ्यायचा प्रयत्न केला, पण बेसमेंटमध्ये शिकलेले गुडघे डोंगरावर उपयोगी पडले नव्हते, हे त्यालाही आठवत होतं.

जानेवारीत मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात हॉलच्या एका कोपऱ्यात पंधरावीस जण गोळा झाले होते. मध्ये निमिष होता, डाउनटाउनमध्ये डेटा ॲनालिस्ट, एकोणतीस वर्षांचा. त्याच्या फोनवर बत्तीस रिझॉर्टांची तुलना होती, रंगांसकट. तो लोकांना वर्षभराच्या बर्फाची सरासरी समजावत होता. भाऊ तिळगुळाची वडी घेऊन मागे उभे राहिले आणि ऐकू लागले. माहिती चांगली होती. एकदोन ठिकाणी त्यांनी मानही डोलावली.

निमिषचं लक्ष गेलं. "काका, तुम्ही करता का स्कीइंग?"

"थोडं थोडं."

"मग तुम्हाला माझी शीट उपयोगी पडेल. नंबर द्या, पाठवतो. आणि काका, सुरुवात करताय म्हणून सांगतो, आत कॉटन नका घालू."

"नाही घालत," भाऊ म्हणाले आणि नंबर दिला. "तू कुठे जातोस?"

"मी अजून फायनल केलं नाहीये," निमिष म्हणाला. "या सीझनला बहुतेक जमवीन. एकदोन गोष्टी चेक करायच्या आहेत."

भाऊंना त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी हॉट टबविषयी विचारलं आणि कोंडाळं पुन्हा निमिषकडे वळलं. पलीकडे देवयानी कोट घालत होती. सकाळी लवकर निघायचं होतं. लिफ्ट नऊला सुरू होते.